बोटभर फट

"मॅडम, सिमल्याला राहता का?" दुकानदाराने विचारलं. मी गरम हवा देणारा एसी मागितला होता. पुण्यात लोक एप्रिल-मेसाठी एसी घेतात आणि मी डिसेंबर तोंडावर आलेला असताना त्याच्या काउंटरसमोर उभी होते. मी वारज्याला राहते, असं त्याला सांगितलं. मग हेही सांगितलं की माझी मुलगी रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे, तिचं वजन दीड किलोसुद्धा नाही आणि घरी आणल्यावर तिची खोली गार पडून चालणार नाही. तो हसायचा थांबला आणि चार दिवसांत मागवून देतो म्हणाला.

ती दिवस भरायच्या आठ आठवडे आधी आली होती. नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. तो धावत आला, दहा दिवस राहिला, काचेवर बोट ठेवून तिच्याकडे बघत बसला आणि परत गेला. डॉक्टरीण बाईंनी मला समोर बसवून समजावलं होतं. अशा बाळांच्या अंगावर चरबी नसते, त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. पोट गरम आणि तळपाय गार लागले की समजायचं, बाळ गारठतंय. गारठलं की दूध ओढत नाही, आणि दूध ओढलं नाही की पुढे काहीही होऊ शकतं. हे 'काहीही' त्यांनी उलगडून सांगितलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत रिक्षात बसून ते सगळं उलगडलं.

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना लाज वाटेल अशा भाषेत लिहून पाठवायच्या, हे माझं काम होतं आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची मला सवयच होती. फक्त आजवर त्या यादीत माझं स्वतःचं मूल नव्हतं.

आई येरवड्याहून आली ती एक पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी शेगडी घेऊन. ती सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागली होती आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली होती. कमी बोलायची. वडील लवकर गेले, तेव्हापासून पत्र्याच्या दोन खोल्यांत तिने मला एकटीने वाढवलं. मी शाळेत असताना तिने मला संगणकाच्या क्लासला घातलं, तेव्हा तिथे चपला बाहेर काढून थंडगार खोलीत जावं लागायचं. पहिल्या दिवशी आईने दारातून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "माणसं बाहेर भाजतायत आणि यंत्रं आत गारव्याला बसलीयेत. शिक बाई, तूही आत बस." मी शिकले आणि खरंच आत जाऊन बसले.

"ही कशाला आणलीस?" मी शेगडीकडे बघून विचारलं.

"तुला हिच्यावरच शेकलंय."

"आई, एसी येतोय. एक बटण दाबलं की झालं."

"बरं," असं म्हणून तिने शेगडी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली ठेवून दिली.

एसी बसवायला मुळशीकडचा एक मेकॅनिक आला. पन्नाशीचा, सडपातळ. भिंतीला भोक पाडताना इतकी धूळ उडाली की मी ती खोली नंतर तीनदा पुसून काढली. पण खरी धडकी पुढे भरली. बाहेरचा डबा खिडकीखाली लोखंडी अँगलवर बसवायचा होता आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. त्याने कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक आमच्या दिवाणाच्या पायाला बांधलं आणि मला म्हणाला, "ताई, तेवढं बसून रहा यावर. सरकाया नको." मग तो खिडकीतून बाहेर गेला. सिझेरियनचे टाके अजून ओढत होते, तरी मी दिवाणाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. दोर ताणला की दिवाण कुरकुरायचा. खाली पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवत होती. माझ्या मुलीला ऊब मिळावी म्हणून हा माणूस पडला तर, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता.

तो आत आला आणि घाम पुसून पाणी प्यायला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली आणि छताजवळच्या झरोक्याकडे बोट केलं. "वरची जाळी बंद करून घ्या. गरम हवा वर जाती, समदी तिकडून निघून जाईल."

"आणि ही?" नळी जिथून बाहेर गेली होती तिथे भिंतीत बोटभर फट राहिली होती.

"ती राहू द्या की. जराशी हवा लागती माणसाला."

"हवा एसीतून येते ना."

तो हसला. "एसी भायेरची हवा आत आणत नाय ताई. आतलीच फिरवतो."

मी इंजिनिअर. त्याने सांगितलेलं मला समजायला हवं होतं, आणि ते मी कुठेतरी वाचलेलंही असणार. पण त्या वेळी फट म्हणजे थंडी, एवढंच मला दिसत होतं. मी त्याला पांढरं सिमेंट भरायला लावलं. तो गेल्यावर वरच्या जाळीवर पुठ्ठा ठोकला, सरकत्या खिडकीच्या चारी कडांना रुंद चिकटपट्टी लावली आणि दाराखाली जुनी चादर गुंडाळून सारायची सोय केली. मग मेणबत्ती पेटवून भिंतीच्या कडेकडेने फिरवली. ज्योत कुठेही हलली नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "खोली केलीस का डबा?" तिने विचारलं.

बाळ घरी आलं. रिमोटवर सूर्याचं चिन्ह असलेलं एक बटण होतं. ते दाबलं की आधी काहीच व्हायचं नाही, एक मिनिट तसंच जायचं आणि त्या मिनिटात मी बिघडू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी मोजून घ्यायचे. मग आत टक्कन आवाज व्हायचा आणि तापलेल्या धुळीचा वास असलेली ऊब खाली यायची. भिंतीवर मी थर्मामीटर टांगलं होतं. सत्तावीस, अठ्ठावीस. पंचवीस दिसलं की मी तळपाय चाचपायचे. तिचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं होतं. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचे, जागी झाली की का जागी झाली म्हणून घाबरायचे. हवा कोरडी पडून तिचे ओठ सुकायला लागले, तेव्हा आईने न विचारता कोपऱ्यात पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. मी तिला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. त्या दिवसांत मी आईशी ऑफिसातल्या ज्युनिअरशी बोलावं तशी बोलायचे. हात धू. दार लाव. चादर सार. ती हात धुवायची, दार लावायची, चादर सारायची.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जाते हे मला ठाऊक होतं. पहिल्या दोन गुरुवारी तासाभरात आली आणि खोलीने ऊब धरून ठेवली. तिसऱ्या गुरुवारी सकाळी नऊला गेली. खाली चौकशी केली तर दुपारशिवाय येणार नाही म्हणाले. त्या आठवड्यात थंडीने कहर केला होता, पलीकडच्या टेकडीवर दहा वाजेपर्यंत धुकं असायचं. थर्मामीटर उतरायला लागलं. पंचवीस. चोवीस. बावीसवर आलं तेव्हा मी तिचे पाय चाचपले. गार होते. लाइट गेली तर बाळाला उघड्या छातीशी धरा, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. मी धरलं, वर दोन शाली घेतल्या, तरी पाय गारच. मला रडू फुटलं.

"आई, तुझी ती शेगडी पेटव."

तिने बाल्कनीत कोळसे पेटवले, धूर जाऊन ते लालबुंद होईपर्यंत थांबली आणि शेगडी परातीत ठेवून आत आणली. दिवाणापासून चार हात लांब ठेवली. मग ती खिडकीपाशी गेली आणि चिकटपट्टीचं टोक नखाने उकरायला लागली.

"काय करतेस?"

"बोटभर उघडते. कोळशाला हवा लागते. आपल्यालाही."

"अजिबात नको. पट्टी निघाली तर परत चिकटायची नाही."

"अगं, पण बंद खोलीत..."

"आई, प्लीज. बावीस झालंय. जा तू. आणि दार लाव, चादर सार."

तिने पट्टीचं उकरलेलं टोक परत दाबून बसवलं. मग बाहेर गेली आणि दार लावलं. चादरीचा आवाज मला ऐकू आला.

खोली तापायला लागली. तेवीस, चोवीस. बाळाचे पाय माझ्या पोटावर होते, ते हळूहळू गरम झाले. महिनाभरात पहिल्यांदाच माझ्या मनातली भीती गेली, हे मला स्पष्ट आठवतं. डोकं दुखत होतं, पण ते झोप नाही म्हणून दुखतंय असं मी धरून चालले. हातपाय जड झाले होते आणि ते जडपण मला आवडत होतं. बाळाची दुधाची वेळ उलटून गेली तरी ते कुरकुरलं नाही. गाढ झोपलंय, असं मला वाटलं. शहाणं माझं बाळ, असंही वाटलं. मग मी डोळे मिटले.

त्यानंतरचं पहिलं आठवतं ते वाटी पडल्याचा आवाज. आई अळिवाची खीर घेऊन आली होती. मी उत्तर देईना म्हणून तिने दार उघडलं होतं. तिने माझ्या छातीवरून बाळ उचललं तेव्हा बाळाची मान मागे पडली. ती मान मी पाहिली. उठावं असं मला वाटलं, पण पाय माझे नव्हतेच. आई बाळाला घेऊन पळत बाल्कनीत गेली, मग एका हाताने त्याला छातीशी धरून परत आली आणि दुसऱ्या हाताने मला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. उंबऱ्यात मला उलटी झाली.

लाइट नव्हती म्हणून लिफ्ट बंद. आई अनवाणी, बाळाला पदरात घेऊन चार जिने उतरली. मी कठड्याला धरून मागून येत होते आणि प्रत्येक वळणावर फक्त एवढंच विचारत होते, "हलतंय का? आई, हलतंय का ते?" ती मागे न बघता उतरत राहिली. रिक्षात बसल्यावर तिने दोन्ही बाजूंचे पडदे वर सारले आणि बाळाचं तोंड वाऱ्याकडे धरलं. ज्या वाऱ्याला मी महिनाभर घाबरत होते तो गार वारा सरळ बाळाच्या तोंडावर येत होता आणि आई ओठांतल्या ओठांत बुद्धाचं त्रिसरण म्हणत होती. कर्वे रस्त्याला लागलो तेव्हा बाळाने तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तशी भीती मी त्याआधी कधीच पाहिली नव्हती, वडील गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

त्यांनी बाळाला ऑक्सिजनवर ठेवलं. मलाही बाजूच्या खाटेवर मास्क लावून झोपवलं. दीड-दोन तासांनी डॉक्टरीण बाई आल्या. बाळ हालचाल करतंय, दूध ओढेल असं वाटतंय, पण मेंदूला काही झालंय का ते आज सांगता येणार नाही, म्हणाल्या. बसते कधी, उभी राहते कधी, बोलते कधी, हे बघत राहायचं. मग त्यांनी आवाज चढवला.

"कोळशाची शेगडी? बंद खोलीत? कुणी ठेवली?"

आई माझ्या उशाशी उभी होती. मी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "आईने."

खोटं नव्हतं ते. शेगडी आईनेच ठेवली होती.

"हो," आई म्हणाली. "मीच ठेवली."

"आजी, तुमच्या मायेपायी आज नात आणि लेक दोघी गेल्या असत्या," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आईने मान हलवली. मी वाट बघत होते. खिडकी उघडायला निघाले होते, हिनेच उघडू दिली नाही, असं ती आता म्हणेल असं मला वाटत होतं आणि त्याची मला भीतीही वाटत होती. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी मास्क परत तोंडावर ओढून घेतला.

नवऱ्याला फोनवर मी तेच सांगितलं. सासरीही तेच कळलं. "आईंना काही दिवस येरवड्याला पाठव," नवरा म्हणाला, रागाने नाही, घाबरून. मला काही बोलावंच लागलं नाही. बाळ घरी आलं त्याच दिवशी आईने पिशवी भरली. शेगडी भंगारवाल्याला दिली. मी खिडकीची चिकटपट्टी आणि जाळीवरचा पुठ्ठा काढून टाकला, पण ते ती गेल्यावर.

नंतर ती दर रविवारी यायची. बाहेरच्या खोलीत बसायची. बाळाला घे असं म्हटल्याशिवाय घ्यायची नाही, आणि घेतलं की दोन मिनिटांत परत द्यायची. मी तर वेगळ्याच भीतीत होते. मुलगी पाच महिन्यांची झाली तरी पालथी पडेना, तेव्हा मी रोज रडले. नऊ महिन्यांची बसली, पण हाक मारली की वळते का, हे मी दिवसातून दहा वेळा पाहायचे. दीड वर्षाची होऊनही बोलेना. दोन-तीनच शब्द यायचे आणि मला वाटायचं, झालं, त्या सकाळची किंमत ही. ही भीती मी कुणाशी बोलू शकत नव्हते, कारण बोलायचं म्हटलं तर सुरुवात खिडकीपासून करावी लागली असती. मग पावणेदोन वर्षांची असताना एके दिवशी तिने रिमोट हातात घेतला, सूर्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाली, "ऊन." मी तिच्याकडून तो शब्द आणखी तीनदा म्हणवून घेतला.

त्या बटणाला मी पुन्हा कधी हात लावला नाही. पुढे तो एसी गेला, दुसरा आला, तो फक्त गार करणारा घेतला.

मुलगी आता कॉलेजात जाते. माझ्यापेक्षा उंच आहे आणि तोंडाने माझ्यावरच गेलीय. उन्हाळ्यात सोळावर एसी लावून पांघरूण घेऊन झोपते. आई राहायला आली की खोलीत जाऊन खिडकी बोटभर सरकवते. मुलगी ओरडते, "आजी, कूलिंग जातं सगळं!" आई म्हणते, "जाऊ दे."

गेल्या मे महिन्यात मुलीच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. आईने नेहमीप्रमाणे खिडकी सरकवली आणि मुलगी हसत त्यांना सांगायला लागली, "अगं, ही आमची खिडकी-आजी. मी लहान असताना हिने मला शेगडी लावून मारायलाच घेतलं होतं! लिटरली मर्डर अटेम्प्ट!" पोरी हसल्या. आईही हसली. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा विनोद म्हणून सांगितली गेली होती की आई तिच्या ठरलेल्या जागी ठरलेलं हसायची.

ते हसू मी त्या दिवशी नीट पाहिलं. मैत्रिणी गेल्या, मुलगी त्यांना खाली सोडायला गेली. आई ताटं गोळा करत होती. मला रुग्णालयातल्या त्या खाटेवर वाटली होती तेवढीच भीती वाटत होती.

"आई," मी म्हणाले, "तू खिडकी उघडत होतीस. मी उघडू दिली नाही. मला तो दिवस सगळा आठवतो."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सगळा आठवतो?" तिने विचारलं.

"हो. पहिल्यापासून."

तिने हातातलं ताट परत टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसली.

"शेगडीच्या त्या वाफेने तुझ्या डोक्यातून तेवढं पुसलं गेलं असेल, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "म्हणून कधी काही बोलले नाही."

मग लिफ्टचं दार वाजलं, मुलगी वर आली आणि आईने पुन्हा ताटं उचलली.